हळद लागली फरशीला

लग्नात मुलीकडचे मुलाकडच्यांना बघतात, मुलाकडचे जेवण बघतात आणि मी खाली बघतो. मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक म्हटलं की लोकांना वाटतं, याची रोज जिलबी. प्रत्यक्षात रोज फरशी.

सकाळचं लग्न चारला हलतं आणि पाचला रिसेप्शनवाले फुलं घेऊन दारात उभे. मधल्या तासात तीन मावशी, दोन वायपर आणि मी. आधी कोरडा झाडू, मगच पाणी. अक्षतांवर चुकून ओला पोछा फिरला की कुंकवाचं गुलाबी पाणी हॉलभर होतं. कोरड्या अक्षता तरी कुठे गरीब असतात? गुळगुळीत फरशीवर त्यांचे छर्रे होतात. एक व्याही आहेराच्या ताटासकट थेट स्टेजपर्यंत घसरत आले होते. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. जिलबीचा पाक थंड पाण्याने पुसला तर नुसता पसरतो; मग चप्पल मागे राहते आणि माणूस पुढे जातो. 'सावधान, फरशी ओली आहे' ही पिवळी पाटी ठेवावी, तर ती वाचायला लोक त्या ओल्यातूनच येतात.

हे सगळं पचवलं. हळद नाही पचली.

वैशाखातली तीथ. स्टेजसमोरच्या पांढऱ्या संगमरवरावर हळदीची वाटी पालथी झाली आणि मी त्या वेळी केटररशी मठ्ठ्यावरून भांडत होतो. आलो तोवर ताटाएवढा डाग मुरलेला. मावशी म्हणाल्या, "साहेब, हळदीचा डाग उन्हात उडतो. लुगड्यावरचा असाच जातो."

आता हॉल गच्चीवर वाळत कसा घालायचा? मी धुण्याचा सोडा मागवला. सोडा पडला मात्र, डाग लालभडक! हळदीला चुना किंवा सोडा लागला की ती लाल होते, कुंकू असंच तर करतात. हे मला ठाऊक होतं, फक्त आठवलं उशिरा. स्टेजसमोर खून पडल्यासारखं दिसत होतं आणि घड्याळात साडेचार.

घाबरलेला माणूस ॲसिड शोधतो. मी संडासातली बाटली आणली. मावशी "अहो, नका..." म्हणेपर्यंत ओतलीसुद्धा. फस्सकन फेस आला. मला वाटलं, डाग निघतोय. निघत होता तो संगमरवर. जेवणघरातल्या कोटा फरशीची चमक लिंबाच्या फोडींनी वर्षानुवर्षं खाल्ली, मी तेच काम अर्ध्या मिनिटात उरकलं. लाल रंग गेला खरा, पण ॲसिडने हळद पुन्हा पिवळी झाली. म्हणजे डाग होता तिथेच, चकाकी तेवढी गेली.

पॉलिशवाला आला, उकिडवा बसला, बोट फिरवून म्हणाला, "एवढंच घासलं तर खळगा दिसेल. मशीन अख्ख्या हॉलवर फिरवावी लागेल." भाव चौरस फुटावर. मालकांनी माझ्याकडे बघितलं, मी सवयीने खाली.

तेव्हापासून तिथे लाल जाजम असतं. प्रत्येक पार्टीला मी सांगतो, शुभ असतं. परवा मात्र एका आजींनी काठीच्या टोकाने त्याचा कोपरा उचललाच.

"अगंबाई, इथे काय सांडलंय हो?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, "साहेबांची हुशारी."