पट्टी सुटली म्हणजे तपासणी सुटली असं नाही

ताई, तुमचा राग समजतो. सहा वर्षांच्या मुलीच्या चांगल्या डोळ्यावर रोज सहा तास पट्टी लावताना घरात काय महाभारत होतं, ते मी माझ्या दवाखान्यात रोज ऐकतो. दिवाळीत डॉक्टरांनी पट्टी बंद केली, नजर छान सुधारली, आणि माझ्या लेखात तुम्ही वाचलंत की आळशी डोळा, म्हणजे ज्याच्याकडे मेंदू दुर्लक्ष करतो तो डोळा, पुन्हा मागे पडू शकतो. मी आईबापांना उगाच घाबरवतो, आणि परत येणारच असेल तर हा छळ कशाला, असं तुम्ही विचारलंय.

परत येणारच, असं मी लिहिलेलं नाही. अमेरिकेतल्या पेडिग या बालनेत्रतज्ज्ञांच्या गटाचा 2004 सालचा अभ्यास बघा. आठ वर्षांखालच्या 145 मुलांचे उपचार थांबवून वर्षभर लक्ष ठेवलं, तेव्हा 35 जणांची नजर पुन्हा उतरली. म्हणजे चारातल्या साधारण तिघांची टिकली.

त्यातला मला जास्त महत्त्वाचा वाटणारा भाग पुढे आहे. रोज सहा ते आठ तास पट्टी असलेल्या ज्या मुलांची पट्टी एकदम बंद झाली, त्या 26 पैकी 11 जणांना त्रास उलटला. आधी दोन तासांवर आणून मग बंद केलेल्या 22 पैकी फक्त तिघांना. गट लहान आहेत, चिठ्ठ्या टाकून पाडलेलेही नाहीत, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. तरीही माझ्या मुलाची पट्टी असती तर मी ती हळूहळूच कमी केली असती. थोडे आठवडे जास्त, एवढाच काय तो खर्च.

मुळात दोष मेंदूच्या सवयीचा. या वयातला मेंदू वळतो, म्हणून पट्टी लागू पडते. आणि तो वळतो म्हणूनच जुन्या सवयीकडेही जाऊ शकतो. मोठ्या मुलांत हे कमी दिसतं. शिवाय मूल तक्रार करत नाही, कारण चांगला डोळा सगळं काम निभावून नेतो. घरी कुणाला पत्ताही लागत नाही. वेळेवर कळलं तर पट्टी किंवा चांगल्या डोळ्याची नजर धूसर करणारे थेंब पुन्हा सुरू करून तक्त्यावरच्या गेलेल्या ओळी बहुधा परत मिळवता येतात, म्हणून आधीचा छळ वाया गेला असं मी मानत नाही.

मला खटकलं ते तुमचं शेवटचं वाक्य: "चष्मा आता शाळेपुरताच." हे कुणी सांगितलं? पट्टी सुटली तरी नंबर तसाच आहे, आणि डॉक्टर सांगत नाहीत तोवर चष्मा दिवसभर हवा. दिवाळीनंतर तपासणी झाली नसेल तर याच आठवड्यात वेळ घ्या, पट्टी थांबवली तेव्हा मुलगी तक्त्यावर कुठल्या ओळीपर्यंत वाचत होती ते विचारा, आणि आज कुठपर्यंत वाचते ते शेजारी लिहून घ्या.