चौथा रकाना आधी वाचा

गरीब देशांतल्या विकासकामात पडायचंय, प्रोजेक्ट मॅनेजमेंट कुठून शिकू, असं बरेच जण विचारतात. कोर्स जरूर करा. प्रोजेक्ट डीप्रो (आधीचं नाव पीएमडी प्रो) हा खास याच क्षेत्रासाठी आहे. गँट चार्ट म्हणजे कामांच्या वेळापत्रकाचा तक्ता, बजेट, खरेदीचे नियम हे सगळं आलंच पाहिजे, त्यात सूट नाही. पण माझा जीव अडकलाय तो लॉगफ्रेमच्या, म्हणजे प्रकल्पाचा आराखडा मांडायच्या तक्त्याच्या, चौथ्या रकान्यात.

१९६९ च्या सुमारास यूएसएड या अमेरिकेच्या परदेशी मदत देणाऱ्या सरकारी संस्थेसाठी हा तक्ता बनला आणि आज देणगीदार तो हमखास मागतात. त्याचे रकाने चार: काय करणार, ते मोजणार कसं, पुरावा कुठला, आणि शेवटी गृहीतकं. म्हणजे आपल्या हातात नसलेल्या, तरी ज्यांच्यावर सगळा डोलारा उभा असतो अशा गोष्टी. प्रस्ताव पाठवायच्या आदल्या रात्री तिथे 'स्थानिक लोकांचा सहभाग मिळेल' असं लिहून मोकळं होतात. मीही लिहिलंय, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

केनियात तुर्काना सरोवराकाठी नॉर्वेच्या मदतीने मासे गोठवायचा कारखाना उभारला. तुर्काना लोक मुळात गुरं राखणारे. त्या रखरखाटात गोठवणीला लागणारी वीज आणि स्वच्छ पाणी परवडेना, म्हणून कारखाना जेमतेम काही दिवस चालून बंद पडला. आराखडा होता, पैसा होता, इंजिनिअर होते. लोक कसे जगतात आणि पाणी कुठून येणार, हे आधी विचारायला हवं होतं.

उलट ऐंशीच्या दशकात आफ्रिकेत घडवलेला अफ्रिदेव हातपंप बघा. दुरुस्ती गावातच व्हावी हे धरूनच तो बेतला. एका पान्यावर खोलता येतो, वॉशर बदलायला पाइप उपसावे लागत नाहीत. गृहीतक तक्त्यात न ठेवता थेट लोखंडात उतरवलं. माझ्या मते प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतात ते हे.

तरीही सुटा भाग मिळायला हवाच. एका गावात बंद पंप पाहायला गेले होते. आमच्या अहवालात त्या पंपापुढे 'काम पूर्ण' अशी खूण होती. एका बाईंनी पत्र्याच्या डबीतून फाटका वॉशर काढून माझ्या तळहातावर ठेवला. कधीपासून जपून ठेवला होता कोण जाणे. म्हणाल्या, "असाच दुसरा कुठे मिळतो, तेवढं सांगा."

मला सांगता आलं नाही.