बहात्तरची 'टंचाई' कुणी म्हणतं का?

आत्यानं काल रात्री एक फॉरवर्ड पाठवला, खाली विचारलं, 'बरोबर आहे का रे हे?' म्हणून लिहितोय, नाहीतर असले मेसेज मी उघडतही नाही. त्यात म्हटलंय की टंचाई, तुटवडा, चणचण, अभाव सगळे एकाच अर्थाचे, पण 'अभाव' तेवढा शुद्ध म्हणून तोच वापरा. आणि 'दुष्काळ' नकारात्मक शब्द आहे, 'पाणीटंचाई' म्हणा, शब्द बदलल्यानं काही बिघडत नाही.

एकाच अर्थाचे अजिबात नाहीत. पैशाची चणचण असते, रेशनवर साखरेचा तुटवडा, उन्हाळ्यात पाण्याची टंचाई. अभाव म्हणजे मुळात नसणंच, टंचाईत हंडाभर तरी मिळतं.

आता दुष्काळ. डोकं इथंच फिरलं. शब्द बदलून काय होतं ते महाराष्ट्रानं करून बघितलंय. १९६३ ला आपल्या राज्यानं कायदाच केला, की कायद्यांमधून 'फॅमिन' शब्द काढायचा आणि तिथं 'स्कॅर्सिटी', म्हणजे टंचाई, घालायची. कारण काय दिलं, तर सरकार लक्ष ठेवून असतं, मदत लगेच देतं, त्यामुळे आता तशी वेळ यायला वावच नाही. नऊ वर्षांत १९७२ चा, बहात्तरचा दुष्काळ आला. आत्या तेव्हा दहा-अकरा वर्षांची, माण तालुक्यात आजीबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि तिथं खायला मिळालेली सुकडी फडक्यात बांधून धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या वडलांना आणायची. मिलो ज्वारीच्या लाल भाकरीचं नाव काढलं तरी अजून तोंड वाकडं करते. आमच्याकडं 'बहात्तरची टंचाई' कुणीच म्हणत नाही.

आणि शब्दावर पैसे अडतात हो. दुष्काळ जाहीर झाला की कर्जाचं पुनर्गठन, जमीन महसुलात सूट, पंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. नुसती पाणीटंचाई म्हटली की टँकर येतो, एखादी विहीर अधिग्रहित होते, बास.

एक मान्य करतो, दुष्काळ म्हणजे फक्त पाणी नसणं नव्हे, असं त्या मेसेजच्या शेवटी लिहिलंय ते खरंय. बहात्तरला बऱ्याच ठिकाणी प्यायला पाणी होतं, धान्य नव्हतं, आणि २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं तेव्हा दुकानात धान्य होतं. पण मग दुष्काळाला पाणीटंचाई म्हणायचं कसं? स्वतःचाच मुद्दा खोडलाय यांनी.

आत्या, तू दुष्काळच म्हण. आणि तो मेसेज भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला असशील तर त्याखाली हेही टाक.