साडेसत्तावीस इंच आणि एक हात

टेनिसमध्ये उंचीला औषध नाही असं म्हणतात. आहे. ते म्हणजे लांब रॅकेट. ते साडेसत्तावीस इंच लांब असतं, ग्रॅफाइटचं असतं, आणि दुकानदार ते हातात देताना पथ्य सांगत नाही.

माझी उंची पाच फूट चार इंच. आम्ही चौघं रोज सकाळी पुण्यातल्या एका मातीच्या कोर्टवर डबल्स खेळतो. मी समोर असलो की नेट जास्त उंच दिसतं, असं आमच्यातल्या डॉक्टरांचं निरीक्षण आहे. वास्तविक नेट सगळ्यांना सारखंच, मधोमध तीन फूट आणि खांबांपाशी साडेतीन. पण सर्व्हिस करताना चेंडू त्या नेटवरून जायला हवा आणि साठ फुटांवरच्या रेषेच्या आत पडायलाही हवा. बुटक्या माणसाच्या बाबतीत या दोन अटींचं आपसात पटत नाही. एक सांभाळली की दुसरी रुसते.

नेहमीची रॅकेट २७ इंचांची. नियमानं ती २९ इंचांपर्यंत चालते. एके काळी तर ३२ चालायची. हे दुकानदाराला ठाऊक होतं आणि मला नव्हतं, त्यामुळे व्यवहार लवकर आटपला. 'साहेब, मायकेल चँग हीच वापरायचा,' असं त्यानं सांगितलं. चँग म्हणजे पाच फूट नऊ इंच, टेनिसच्या मानानं आमच्याच जातीचा. घरी येऊन नीट आठवलं तेव्हा लक्षात आलं, की चँगनं १९८९ साली सतराव्या वर्षी फ्रेंच ओपन जिंकली ती साध्या रॅकेटनं. लांब रॅकेट आली नव्वदीच्या मध्यावर. तिच्यानं सर्व्हिस सुधारली, १९९६ मध्ये तो जगात दुसराही झाला, फक्त ग्रँड स्लॅम काही पुन्हा मिळालं नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की चँगचा बॅकहँड, म्हणजे उलट्या बाजूचा फटका, दोन हातांचा. २०१३ ची विम्बल्डन विजेती मारियन बार्तोली हीसुद्धा लांब रॅकेटवाली; ती तर फोरहँडही, म्हणजे सुलट बाजूचा फटकाही, दोन हातांनी मारायची. लांब रॅकेटची मूठही बहुधा लांब असते, दुसऱ्या हाताला ऐसपैस जागा मिळावी म्हणून.

माझा बॅकहँड एका हाताचा. म्हणजे मी जो अर्धा इंच विकत घेतला, तो ज्या हातासाठी होता तो हात मी खेळात घेतच नाही.

आता एका हाताचाच का, तर आमच्या लहानपणी दुसरा काही असतो हेच माहीत नव्हतं. विजय अमृतराज एका हातानं मारायचे, रमेश कृष्णन एका हातानं मारायचे. आमच्यातल्या एकानं दोन हातांनी मारणाऱ्या स्वीडनच्या बोर्गचं बघून दुसरा हात लावला, तेव्हा कोच गरजले होते, 'खांदा द्यायला ती काय पालखी आहे का?' ते वाक्य कानात बसलं ते बसलंच. पुढे जग बदललं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुरुषांच्या पहिल्या दहांत एका हाताचा बॅकहँड असलेला एकही खेळाडू उरला नाही. १९७३ मध्ये क्रमवारी सुरू झाल्यापासून असं प्रथमच घडलं. आमच्या ग्रुपवर ती बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी माझं सांत्वन केलं. त्याच्या महिनाभरच आधी आपला रोहन बोपण्णा त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकला होता, तोही एका हाताच्या बॅकहँडवर, हे मी निदर्शनास आणून दिलं. 'तो सहा फुटांच्या वर आहे,' डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांकडे उपचार कमी आणि निदान फार.

तर ही रॅकेट आणि हा बॅकहँड एकत्र नांदायला लागल्यावर काय होतं ते सांगतो.

चेंडू डावीकडे येतो. डावा हात रॅकेटचा गळा धरून तिला मागे नेतो, उजवा हात मुठीवर थोडा फिरतो, खांदा वळतो, पाठ जवळजवळ समोरच्याकडे होते. इथवर मी एखाद्या जुन्या फोटोत शोभेन. मग चेंडू टप्पा घेतो आणि मातीवर उसळून थेट खांद्यापाशी येतो. एका हाताच्या बॅकहँडमध्ये चेंडू शरीराच्या बराच पुढे, उजव्या पावलाच्याही पुढे गाठावा लागतो. दोन हातांवाल्याला उशीर झाला तर डावा हात मागून ढकलून वेळ मारून नेतो. माझा डावा हात त्या क्षणी मागे, हवेत, नर्तकासारखा पसरलेला. दिसायला सुरेख, कामाला शून्य. आणि रॅकेटचं डोकं अजून वाटेतच.

ते वाटेत का, याचं गणित आमच्यातले एक निवृत्त प्राध्यापक मला बाकावर बसवून समजावतात. रॅकेटचं वजन तेवढंच, पण फिरवताना ती किती जड वाटते हे ठरतं वजन हातापासून किती लांब आहे त्यावर, आणि तेही अंतराच्या वर्गाच्या पटीत. २७ चे साडेसत्तावीस झाले तर वाढ दोन टक्केही नाही. वर्ग केला की पावणेचारच्या घरात. 'पावणेचार टक्के म्हणजे काहीच नाही,' मी म्हणालो. 'बँकेत काहीच नाही,' ते म्हणाले, 'खांद्याच्या वर खूप आहे.' फोरहँडला आणि सर्व्हिसला हाच जडपणा चेंडूत जोर भरतो. बॅकहँडला तो फक्त उशीर भरतो. मग 'टक्' असा लाकडी आवाज येतो (रॅकेट ग्रॅफाइटची असूनही), चेंडू फ्रेमला लागून शेजारच्या कोर्टवर जातो, आणि तिथल्या बायका एव्हाना न बघताच तो परत फेकतात.

दुसरा त्रास अंगावर येणाऱ्या चेंडूंचा. हात लांब झाला म्हणजे दूरचं हाताशी येतं, हे खरं. जवळचं मात्र हाताबाहेर जातं. हा शोध आधी आमच्या ग्रुपमधल्या कर्नलसाहेबांना लागला. ते एरवी कोपरे शोधत मारायचे. आता सरळ माझ्या बेंबीवर मारतात. बेंबी आणि चेंडू यांच्यामध्ये साडेसत्तावीस इंच रॅकेट घालायची म्हणजे कोपर बाहेर काढायचं, पोट आत घ्यायचं आणि उरलेलं शरीर कुठेतरी नेऊन ठेवायचं. यातलं पोट आत घेणं मला एरवीही जमत नाही. पार्टनर मागून ओरडतो, 'सरक!' सरकण्यासाठी आधी मी स्वतःच्या वाटेतून बाजूला व्हायला हवा.

उपाय सांगणाऱ्यांची वाण नाही. सर्वांत व्यवहारी उपाय आमच्या मार्करनं सांगितला. तो सकाळी कोर्टला पाणी मारतो, रोलर फिरवतो, चुन्याच्या रेघा झाडतो आणि मेंबर कमी पडला की चौथा म्हणून खेळतो, तेही चपला काढून अनवाणी. तो म्हणाला, 'साहेब, बॅकहँडला थोडी वर धरा ना.' मूठ अर्धा इंच वर धरली की रॅकेट पुन्हा २७ ची! चमत्कारच. मग सर्व्हिसला अगदी टोकाशी धरायची, फोरहँडला जरा खाली, बॅकहँडला वर. शिवाय बॅकहँडची पकड वेगळी, ती गोल फिरवूनच घ्यावी लागते. म्हणजे एका पॉइंटमध्ये माझा हात मुठीवर वर-खाली आणि गोल असा दोन्ही दिशांनी हिंडत असतो. एवढी धावपळ माझ्या पायांनी केली असती तर लांब रॅकेट लागलीच नसती. वरची ग्रिप टेप आठवड्यात सुटून लोंबते. आणि हात बरोबर जागी पोचतो तोवर चेंडू मागच्या जाळीला भेटून आलेला असतो.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, रॅकेटच्या बाजूनं. स्लाइस! वरून खाली कापत मारायच्या बॅकहँडला ही लांबी वरदान आहे. लांब गेलेला, एरवी सोडून दिला असता असा चेंडू मी शेवटचं पाऊल टाकून नुसता खरवडतो आणि तो नेटवरून तरंगत जाऊन मातीत बुडाल्यासारखा खाली राहतो. कर्नलसाहेबांचे गुडघे आणि तो चेंडू यांची गाठ पडत नाही. बालेवाडीला २०१९ ची महाराष्ट्र ओपनची फायनल झाली, केविन अँडरसन विरुद्ध इव्हो कार्लोविच, तिन्ही सेट टायब्रेकमध्ये. सहा फूट अकरा इंचांचा कार्लोविच बॅकहँडला बहुतेक स्लाइसच मारायचा. जगातल्या सर्वांत उंच खेळाडूंपैकी एक आणि मी, दोघांचं बॅकहँडचं धोरण एक आहे याचा मला आनंद होतो. तो सर्व्हिसवर एवढे गुण आणायचा की बॅकहँड लागायचाच नाही, हा तपशील मी बाकावर सांगत नाही.

स्लाइसनं निभावलं असतं, पण कोपरानं साथ सोडली. बाहेरच्या बाजूला, हाड लागतं तिथे, सकाळी दुखायचं. टेनिस एल्बोच तो. हौशी खेळाडूंमध्ये एका हाताचा, उशिरा मारलेला बॅकहँड हे त्याचं ठरलेलं कारण. मनगट मागे ओढणारे स्नायू कोपराच्या ज्या टोकाला चिकटतात, तिथे प्रत्येक उशिराची नोंद होते. फिजिओथेरपिस्ट मुलीनं अर्ध्या किलोचं डंबेल दिलं, मनगट सावकाश खाली सोडायचं म्हणून, आणि एक रबराचा दांडका पिळायला दिला. गट्स, म्हणजे रॅकेटच्या तारा, ५५ पौंडांच्या ताणावरून ४८ वर आणायला सांगितले. 'आणि काका, दोन हातांनी मारून बघा ना,' असं ती जाता जाता म्हणाली. मी पालखीचा किस्सा सांगितला. तिनं फाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

घरी लोणच्याची बरणी उघडेना. मी डाव्या हातानं बरणी धरून, उजव्यानं झाकण फिरवायचा प्रयत्न करत होतो. बायको ओट्यापाशी उभी राहून बघत होती. 'अहो, तिथे बरे दोन हात चालतात तुम्हाला!' एवढंच बोलून तिनं बरणी घेतली आणि उघडली.

गट्स सैल करायला दुकानात गेलो, तेव्हा गट्स ओढणाऱ्या पोरानं रॅकेट हातात घेऊन तोलली, माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं (त्याला वेळ लागला नाही), आणि म्हणाला, 'काका, अर्धा इंच कापून देऊ का? बुडाची टोपी काढायची, मूठ कापायची, टोपी परत ठोकायची. बरेच जण करून घेतात.' किती घेणार, विचारलं. चारशे म्हणाला. म्हणजे अर्धा इंच जास्त म्हणून आधी पैसे मोजायचे, आणि तो नको म्हणून पुन्हा मोजायचे.

'कापलेला तुकडा परत देशील?'

'काय करणार त्याचं?'

'सर्व्हिसच्या वेळी लावीन.'

तो हसला नाही. अशी गिऱ्हाइकं त्याच्याकडे येत असावीत. 'मग काय, ठेवून जाता?' त्यानं मशीनवरून मान वर न करता विचारलं. शनिवारी कर्नलसाहेबांशी मॅच होती आणि पहिली सर्व्हिस माझी होती. तेवढी होऊ दे म्हटलं, आणि रॅकेट डाव्या काखेत मारून निघालो.