रोमचा रिची इव्हान्स आणि ६१ क्रमांकाची नारिंगी गाडी

हार्टफर्डपासून पाऊण तासाच्या अंतरावर स्टॅफर्ड स्प्रिंग्ज नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या अर्ध्या मैलाच्या डांबरी ट्रॅकवर उन्हाळाभर शुक्रवारी संध्याकाळी स्टॉक कारच्या शर्यती होतात. कनेक्टिकटमध्ये राहायला आलो त्या वर्षी ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या आग्रहावरून मी पहिल्यांदा तिथे गेलो. माझ्या शेजारच्या बाकावर सत्तरी उलटलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या डोक्यावर विटलेली नारिंगी टोपी होती आणि तिच्यावर फक्त ‘६१’ हा आकडा शिवलेला होता. हा आकडा कशाचा, असे मी विचारले आणि पुढचा अर्धा तास ते मला रिची इव्हान्स या जुन्या शर्यतचालकाबद्दल सांगत राहिले. सगळे ऐकून झाल्यावर मी त्यांना जो प्रश्न विचारला, त्याची रुखरुख मला आजही आहे. ‘‘इतका चांगला होता, तर मग मोठ्या शर्यतींत का गेला नाही?’’ त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि काहीही न बोलता नजर ट्रॅककडे वळवली.

त्यानंतरच्या काही वर्षांत इव्हान्सबद्दल जे मिळेल ते मी वाचत गेलो, अनेक जुन्या प्रेक्षकांशी बोललो, आणि तो प्रश्नच मुळात चुकीचा होता अशी माझी खात्री झाली. आज त्याविषयी सविस्तर लिहितो आहे.

नॅस्कार, म्हणजे अमेरिकेत स्टॉक कारच्या शर्यती भरवणारी संघटना, म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवर दिसणारी फ्लोरिडातल्या डेटोनाची शर्यत येते. ती कप मालिका, नॅस्कारची सर्वांत वरची. परंतु नॅस्कारच्या नावाने झालेली पहिली शर्यत, जी १५ फेब्रुवारी १९४८ रोजी डेटोनाच्या किनाऱ्यावर रेड बायरनने जिंकली, ती मॉडिफाइड गाड्यांची होती. कप मालिकेचे बीज दुसऱ्या वर्षी, १९४९ मध्ये पडले. म्हणजे मॉडिफाइड ही या घराण्यातली थोरली बहीण आहे. जुन्या मोटारी विकत घेऊन, त्यांतले अनावश्यक ते सारे कापून आणि इंजिनात हवे ते फेरफार करून या गाड्या बनत, म्हणून त्यांना हे नाव पडले. पुढची चाके पत्र्याच्या आवरणाशिवाय उघडी, टायर रुंद, बांधा जमिनीलगत बसका आणि वजनाच्या मानाने इंजिनाची ताकद प्रचंड, असे त्यांचे रूप असते. सत्तरच्या दशकात या सांगाड्यांवर पिंटो किंवा व्हेगासारख्या छोट्या, साध्या मोटारींची कवचे चढवलेली असत. अशा वीस-पंचवीस गाड्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर एकमेकींना खेटून वळणात शिरतात, तेव्हा आवाज कानांआधी छातीत जाणवतो.

रिची इव्हान्सचा जन्म १९४१ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातल्या वेस्टर्नव्हिल या खेड्यात झाला. घरची शेती होती. सोळाव्या वर्षी ती सोडून तो जवळच्या रोम शहरात एका गॅरेजमध्ये कामाला लागला. न्यूयॉर्क म्हटल्यावर आपण जे शहर डोळ्यांपुढे आणतो, त्याचा आणि या रोमचा काही संबंध नाही. तांब्याच्या कारखान्यांचे, हवाई दलाच्या तळाचे, पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचे असे ते त्या काळचे कष्टकरी शहर. एरी कालव्याची पहिली कुदळ १८१७ मध्ये इथेच पडली होती. गॅरेजमधल्या या पोराने आधी रस्त्यावर आणि नंतर ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतींच्या पट्टीवर, वेग आजमावला आणि १९६२ मध्ये जवळच्या युटिका-रोम स्पीडवेवर १९५४ सालची फोर्ड उतरवली. तिच्यावर त्याने ‘पीटी-१०९’ असे लिहिले होते, अध्यक्ष केनेडींच्या युद्धकाळातल्या बोटीचे नाव. १९६५ मध्ये तो मॉडिफाइडमध्ये आला आणि १९७३ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला.

याच रोममध्ये जेरी कुक नावाचा दुसरा चालक राहत होता. १९७१ आणि १९७२ चे विजेतेपद कुकचे, १९७३ चे इव्हान्सचे, १९७४ ते १९७७ पुन्हा कुकचे, आणि १९७८ ते १९८५ अशी सलग आठ वर्षे इव्हान्सचे. म्हणजे सलग पंधरा वर्षे अमेरिकेचा मॉडिफाइड विजेता एकाच छोट्या शहराचा रहिवासी होता. दोघांनी एकमेकांना कधी स्वस्थ बसू दिले नाही. मला वाटते, कुक समोर नसता तर इव्हान्स इतका धारदार झाला नसता, आणि हे उलट बाजूनेही तितकेच खरे असावे.

१९७९ सालची इव्हान्सची कामगिरी मी प्रथम वाचली, तेव्हा छपाईची चूक असावी असे मला वाटले होते. त्या वर्षी तो नॅस्कारच्या ६० मॉडिफाइड शर्यतींत उतरला, त्यांपैकी ३७ जिंकला आणि ५४ मध्ये पहिल्या पाचांत आला. ईशान्य अमेरिकेत हिवाळाभर बर्फ असतो. फेब्रुवारीतल्या फ्लोरिडाच्या काही शर्यती सोडल्या तर हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर एवढाच. त्या काळी राष्ट्रीय विजेतेपद ठरवण्यासाठी आजच्यासारखे आटोपशीर वेळापत्रक नव्हते. जितके ट्रॅक कराल, जितक्या रात्री पळाल, तितके गुण पदरात पडत. त्यामुळे शुक्रवारी एका राज्यात, शनिवारी दुसऱ्या, रविवारी तिसऱ्या, आणि मधल्या रात्री गाडी ट्रेलरवर घालून रस्त्यावर, असा त्यांचा आठवडा असे. सोमवारी पुन्हा गॅरेज, कारण मोडलेली गाडी शुक्रवारपर्यंत उभी करायची ती स्वतःच्याच हातांनी. क्वेबेकपासून फ्लोरिडापर्यंत अशा चारशेहून अधिक मुख्य शर्यती त्याने जिंकल्या.

हातांचे काम म्हणजे काय, ते मला स्टॅफर्डमध्येच एकदा जवळून पाहायला मिळाले. पिटचा, म्हणजे गाड्या तयार करतात त्या जागेचा, पास काढून आत गेलो होतो. एक तरुण गुडघ्यांवर बसून मागच्या टायरभोवती पोलादी टेप गुंडाळत होता. घेर मोजून त्याने तो खडूने टायरवरच लिहिला, मग दुसऱ्या बाजूच्या टायरचा घेर मोजला, डोके हलवले, थोडी हवा भरली आणि पुन्हा मोजले. उजव्या टायरचा घेर डाव्यापेक्षा किंचित मोठा ठेवायचा असतो. कागदी पेला आडवा करून ढकलला तर तो सरळ न जाता गोल फिरतो, तशी ही गाडी आपसूक डावीकडे वळू पाहते. घेर थोडा चुकला तर वळणावर गाडीचे नाक भिंतीकडे ओढते किंवा शेपूट सुटते. टायर तापले की हा फरक पुन्हा बदलतो आणि दर ट्रॅकचे गणित वेगळे असते. इव्हान्स आपल्या गाड्या रोममधल्या आपल्या गॅरेजमध्ये बांधत असे आणि साठ रात्री वेगवेगळ्या ट्रॅकवर हे गणित सोडवत असे. चालक, मिस्त्री आणि मालक यांचे ज्ञान एकाच माणसाच्या अंगी मुरल्याशिवाय साठातल्या सदतीस जिंकता येत नाहीत.

आता माझ्या त्या प्रश्नाकडे येतो. मोठ्या शर्यतींत जाणे त्या काळी अशक्य नव्हते. जेफ बोडीन हा इव्हान्सचा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी होता. १९७८ या एकाच वर्षात बोडीनने ५५ मॉडिफाइड शर्यती जिंकून विक्रम केला, तरी गुणांवर ठरणारे नॅस्कारचे विजेतेपद त्या वर्षी इव्हान्सला मिळाले. बोडीन पुढे कप मालिकेत गेला आणि १९८६ मध्ये डेटोना ५०० ही तिथली सर्वांत मानाची शर्यत जिंकला. त्याने योग्यच केले. पण याच उदाहरणाचा आधार घेऊन ‘इव्हान्सही जाऊ शकला असता’ असे हळहळणारे लोक मला भेटतात, तेव्हा मी विचारात पडतो. जो माणूस बोडीनसारख्याला आठवड्यामागून आठवडे भिडत होता आणि मागे टाकतही होता, त्याच्या कारकिर्दीत उणे काय होते? प्रादेशिक स्पर्धा ही एखाद्या शिडीची खालची पायरी आहे, असे आपण न तपासता धरून चालतो आणि मग जो वर चढला नाही त्याचे आयुष्य अपुरे ठरवून मोकळे होतो.

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी जत्रेत कुस्त्यांचे मैदान भरत असे. आजोबा मला खांद्यावर बसवून नेत. तिथे असे मल्ल उतरत, ज्यांच्या खांद्यावर महाराष्ट्र केसरीची गदा कधीच आली नाही, पण त्यांचे नाव पुकारले की चार तालुक्यांतून आलेली माणसे उठून उभी राहत. त्या माणसांना कुस्ती कळत नव्हती असे कोण म्हणेल? स्टॅफर्डच्या बाकांवर, ओस्वेगो किंवा मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकच्या कठड्याशी इव्हान्ससाठी उभी राहणारी माणसे त्याच जातीची होती. आपल्या ट्रॅकचे वळण त्यांना तोंडपाठ होते आणि तिथे कोण काय करतो आहे, हे त्यांना टीव्हीवरच्या निवेदकापेक्षा जास्त कळत होते. अशा प्रेक्षकांसमोर वर्षानुवर्षे जिंकणे ही सोपी परीक्षा नव्हती.

१९८१ मध्ये व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलला जे घडले, ते याच प्रेक्षकांनी पिढ्यांना सांगितले आहे. शेवटच्या फेरीत शेवटच्या वळणावरून इव्हान्स आणि बोडीन बाहेर पडत असताना गाड्या एकमेकींना भिडल्या. इव्हान्सची नारिंगी गाडी भिंतीवर चढली आणि तशीच, भिंतीला घासत, अंतिम रेषा ओलांडून गेली. विजेता इव्हान्सच. त्या क्षणाचे छायाचित्र मी अनेकदा पाहिले आहे, आणि दर वेळी माझी नजर प्रेक्षकांकडे जाते.

त्याच मार्टिन्सव्हिलवर, २४ ऑक्टोबर १९८५ रोजी, सरावादरम्यान तिसऱ्या वळणावर त्याची गाडी भिंतीवर आदळली आणि तो गेला. वय ४४. नॅस्कारने त्याच वर्षी मॉडिफाइडसाठी नव्या स्वरूपाची, मर्यादित शर्यतींची मालिका सुरू केली होती आणि तिचे पहिले विजेतेपद त्याने अपघातापूर्वीच निश्चित केले होते. ते त्याचे नववे.

खरी खंत इथे आहे, आणि ती मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते. त्या काळच्या मॉडिफाइड गाड्यांच्या चौकटी सरळ, ताठ नळ्यांच्या होत्या. धडक बसली की चौकट चेपत नसे आणि जोर चालकाच्या शरीरावर येई. १९८७ मध्ये मार्टिन्सव्हिललाच चार्ली जार्झोम्बेक हा चालक गेला, त्याच वर्षी थॉम्पसनच्या ट्रॅकवर कॉर्की कुकमन गेला, आणि १९८९ मध्ये आणखी दोघे गेले. मॉडिफाइडवाल्यांनी ताठ चौकटींना दोष दिला, पुढे नियमही बदलले. पण या मृत्यूंनी देशभर खळबळ उडाली नाही. १८ फेब्रुवारी २००१ रोजी कप मालिकेतला नामांकित चालक डेल अर्नहार्ट डेटोनाला, लाखो लोकांच्या डोळ्यांदेखत, भिंतीवर आदळून गेला. त्यानंतर त्याच वर्षी नॅस्कारने डोके आणि मान सांभाळणारे उपकरण सक्तीचे केले आणि २००२ पासून धडक शोषून घेणाऱ्या भिंती ट्रॅकवर दिसू लागल्या. चौकट ताठ, भिंत काँक्रीटची आणि मान मोकळी असेल तर काय होते, हे ईशान्येतल्या छोट्या ट्रॅकनी सोळा वर्षे आधी सांगितले होते. ते ऐकले गेले नाही, कारण जाणारी माणसे ‘प्रादेशिक’ होती. एखाद्याचे यश छोट्या मापाने मोजण्याची सवय लागली की त्याच्या मरणाचे मापही छोटे होते, हे मला त्या तारखा एकाखाली एक लिहून पाहिल्यावर समजले.

त्याचा मान नंतर झाला, हे मी नाकारत नाही. १९९८ मध्ये नॅस्कारने निवडलेल्या पन्नास सर्वश्रेष्ठ चालकांत त्याचे नाव होते. २०१२ मध्ये कप मालिकेतल्या डॅरेल वॉल्ट्रिप आणि केल यारबरो यांच्याबरोबर तो शार्लट येथील नॅस्कारच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि निव्वळ मॉडिफाइडच्या बळावर तिथे प्रवेश मिळवणारा पहिला चालक ठरला. जेरी कुक, ज्याने निवृत्तीनंतर हीच मॉडिफाइड मालिका घडवण्यात मोठा वाटा उचलला, तो २०१६ मध्ये आत आला. माइक स्टेफानिक या चालकाने मॉडिफाइडची सात आणि नॅस्कारच्याच बुश नॉर्थ या दुसऱ्या प्रादेशिक मालिकेची दोन अशी मिळून नऊ विजेतेपदे गाठली. केवळ मॉडिफाइडच्या नवांना आजवर कोणी पोहोचलेले नाही.

इव्हान्सच्या मृत्यूनंतर मॉडिफाइड मालिकेतून ६१ हा क्रमांक निवृत्त करण्यात आला. त्या पहिल्या संध्याकाळनंतर एका उन्हाळ्यात ते टोपीवाले गृहस्थ मला पुन्हा स्टॅफर्डला भेटले. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि या वेळी १९७९ सालाविषयी विचारले. साठपैकी किती रात्री ते स्वतः हजर होते, हे ते बोटांवर मोजू लागले. पहिली हीट, म्हणजे मुख्य शर्यतीआधीची छोटी शर्यत, सुरू होईपर्यंत त्यांची मोजणी संपलेली नव्हती.