ओहायोच्या मूळ रहिवाशांचं काय?

उत्तर अमेरिकेतल्या १७५४ ते १७६३ च्या इंग्रज-फ्रेंच युद्धावरचा तुमचा लेख आवडला, पण त्या युद्धाचा निकाल फक्त क्वेबेकच्या रणांगणावर लागला, हे त्यातलं म्हणणं मला पटत नाही. भांडण सुरू झालं ते ओहायो खोऱ्यावरून. फ्रेंचांना तिथला फरचा व्यापार आणि कॅनडा-लुइझियाना जोडणारा जलमार्ग हवा होता, व्हर्जिनियाच्या धनिकांना जमीन. आणि तिथे राहणाऱ्या शॉनी, डेलावेअर या मूळ अमेरिकी जमातींना कोणी विचारलंच नाही!

लेखात इंग्रज आणि मूळ जमातींमध्ये झालेल्या ऑक्टोबर १७५८ च्या ईस्टन तहाचा साधा उल्लेखही नाही. या तहानंतर ओहायोतल्या जमातींनी फ्रेंचांची साथ सोडली आणि महिन्याभरात फ्रेंचांना फोर्ट ड्यूकेन हा आपला किल्ला स्वतःच्या हातांनी जाळून निघून जावं लागलं. आज तिथे पिट्सबर्ग आहे.

बदल्यात या जमातींना काय मिळालं? १७६३ च्या पॅरिस तहात फ्रान्सने त्यांची जमीन परस्पर इंग्लंडला देऊन टाकली. इंग्रज सेनापती अ‍ॅमहर्स्टने शिकारीसाठी मिळणाऱ्या बंदुकीच्या दारूवरही हात आखडता घेतला. मग ओटावा जमातीचा सरदार पाँटियाक याचा इंग्रजांविरुद्धचा उठाव पेटला. त्याच वर्षी जूनमध्ये फोर्ट पिट या इंग्रजांच्या किल्ल्यात बोलणी करायला आलेल्या डेलावेअर प्रतिनिधींना देवीच्या रोग्यांच्या रुग्णालयातल्या दोन घोंगड्या आणि एक रुमाल भेट म्हणून देण्यात आला. रोग पसरावा हाच हेतू होता, तिथल्या एका व्यापाऱ्याच्या रोजनिशीत तसं लिहून ठेवलेलं आहे. हे वाचून आजही संताप येतो.

करांमुळे अमेरिकेतले इंग्रज वसाहतवाले चिडले, हे तुम्ही छान मांडलंत. पण अ‍ॅपलेशियन डोंगरांपलीकडे वस्ती करायला इंग्लंडच्या राजाने केलेली मनाईही त्यांना तितकीच खुपत होती. पुढच्या भागात यावर जरूर लिहा.