‘पद्धती अत्यंत योग्य ठरली’: प्रकल्पवीरांसाठी काही हमखास सल्ले

बाह्य परीक्षक म्हणून नुकताच विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रकल्पांचा एक गठ्ठा माझ्या गळ्यात पडला. सगळ्यांत वर होता ‘युवा पिढी आणि ब्लॉगलेखन: एक चिकित्सक अभ्यास’. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, ऋणनिर्देशात आईवडिलांपासून टायपिंग करून देणाऱ्यापर्यंत सगळे हजर. पाचवं प्रकरण ‘संशोधन पद्धतीचे मूल्यमापन’. त्यात एक वाक्य होतं: ‘प्रस्तुत संशोधनासाठी वापरलेली पद्धती अत्यंत योग्य व परिणामकारक ठरली असून संशोधकास कोणतीही अडचण आली नाही.’

दुसरा प्रकल्प उघडला. तेच वाक्य. तिसऱ्यात ‘अत्यंत’च्या जागी ‘अतिशय’ होतं. स्वतंत्र प्रज्ञा, दुसरं काय!

तर मित्रहो, यंदा ज्यांना ब्लॉग हा विषय मिळालाय आणि शेवटी आपल्याच पद्धतीचं मूल्यमापन करायचंय, त्यांनी उगाच डोकं शिणवू नये. गठ्ठाभर प्रकल्प वाचून मी सिद्ध झालेलं ज्ञान तुमच्यासमोर ठेवतोय.

पहिली गोष्ट, पद्धत सगळ्यांत शेवटी निवडा. आधी निष्कर्ष लिहून घ्यावेत, मग त्यांना पटतील अशी उद्दिष्टं, मग उद्दिष्टांना शोभेल अशी पद्धत. या क्रमाने गेलात तर गृहीतक सिद्ध होणार म्हणजे होणारच. गठ्ठ्यात एकाही गृहीतकाचा बळी गेलेला मला आढळला नाही. विज्ञानाच्या इतिहासात इतकं सलग यश कुणाला मिळालेलं नाही.

पानं भरायची चिंता नको, त्यासाठी इतिहास आहे. डिसेंबर १९९७ मध्ये जॉर्न बार्गर यांनी ‘वेबलॉग’ हा शब्द वापरला, १९९९ मध्ये पीटर मरहोल्झ यांनी त्याचा ‘ब्लॉग’ केला, त्याच वर्षी पायरा लॅब्सने ‘ब्लॉगर’ सुरू केलं, २००३ मध्ये ते गूगलने घेतलं. सगळं बरोबर आहे, माझी काही तक्रार नाही. हे सगळं ऐसपैस मांडा आणि तुम्ही स्वतः काय केलंत ते दीड पानात उरका.

पद्धतीचं नाव विचारलं तर ‘मिश्र पद्धती’ सांगा. संख्यात्मक म्हणजे पाय चार्ट. गुणात्मक म्हणजे पाय चार्टखालचं वाक्य.

आता नमुना निवड. इथे बरेच जण उगाच घाबरतात. एक वाक्य पाठ करून ठेवा: ‘यादृच्छिक नमुना निवड पद्धतीने १०० प्रतिसादकांची निवड करण्यात आली.’ प्रत्यक्षात करायचं एवढंच, की गूगल फॉर्मची लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. खाली ‘प्लीज भरा ना, उद्या सबमिशन आहे’, आणि जोडलेले दोन हात. ज्याला दया आली त्याने भरलं, ज्याला नाही आली त्याने नाही. झालं यादृच्छिक! यादृच्छिक निवडीसाठी आधी कसली तरी यादी लागते आणि यादीतल्या प्रत्येकाची निवडलं जाण्याची शक्यता आपल्याला माहीत असावी लागते, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. असेना. पुस्तक कोण उघडतंय?

आणि आकडा मोठा ठेवा म्हणजे तोंड बंद होतं. कुणी जास्तच चौकस निघाला तर ‘३८४’ म्हणा. नमुना किती मोठा हवा ते सांगणाऱ्या, क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यातला हा आकडा सगळ्यांना ठाऊक असतो. समष्टी (म्हणजे ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा ते सगळे लोक) कितीही मोठी असली तरी ३८४ पुरतात, एवढं आपण लक्षात ठेवतो. ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्क्यांची चूक आणि मुख्य म्हणजे खरोखरची यादृच्छिक निवड, या अटींवर तो आकडा उभा आहे, हे आपण सोयीने विसरतो. ३८४ मित्रांना फॉर्म पाठवला तर ३८४ मित्रांचं मत कळतं. मित्रांचं!

१९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. केवढा नमुना! त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून बसले. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते ते टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांमधून, मंदीच्या काळात, म्हणजे मुख्यतः खिसा गरम असलेल्यांचे. आणि त्यातही ज्यांना हौस होती त्यांनीच उत्तर दिलं. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी जेमतेम ५० हजारांच्या आसपास लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला होता. हा किस्सा तुमच्या अभ्यासक्रमात आहे. परीक्षेत यावर पाच मार्कांचं उत्तर तुम्ही लिहून आलेले असता. आणि तिथून बाहेर पडून सरळ ग्रुपवर लिंक टाकता!

बरं, ब्लॉग लिहिणाऱ्यांची यादी कुठेच नाही, मग यादृच्छिक नमुना आणायचा कुठून, हा प्रश्न खरा आहे. त्यावर काम झालेलं आहे. २००४ मध्ये सुझन हेरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लॉगची नोंद ठेवणाऱ्या एका संकेतस्थळावरून यादृच्छिक निवड करून २०३ ब्लॉग घेतले आणि ते उघडून वाचले. कुठून घेतले, कोणते वगळले, तेही सांगितलं. वर्तमानपत्रांत तेव्हा राजकीय ब्लॉगचा गाजावाजा चालू होता. यांना बहुसंख्य ब्लॉग निघाले वैयक्तिक दैनंदिनीच्या वळणाचे. म्हणजे पद्धत नीट असली की विषयाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे असं वाटत होतं तेच उलटं निघू शकतं. पण तुम्हाला उलटं निघालेलं नकोय ना. गृहीतक आधीच टाइप झालंय.

आणि ज्यांनी ब्लॉग लिहायचं सोडून दिलं, त्यांचं काय? अर्धवट सोडलेल्या ब्लॉगचा तर खच पडलाय. शेवटची नोंद ‘आता नियमित लिहीन’ आणि त्यानंतर वर्षानुवर्षं शांतता. त्यांना तुमचा फॉर्म जात नाही. फॉर्म जातो अजून लिहिणाऱ्यांना, आणि त्यांच्या उत्तरांवरून तुम्ही लिहिता की ‘ब्लॉगलेखनाची आवड दीर्घकाळ टिकून राहते’. टिकलेल्यांनाच विचारल्यावर दुसरं काय निघणार?

असो. जरा शांत होतो.

प्रश्नावली. प्रश्न असा विचारावा की ‘नाही’ म्हणणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटली पाहिजे. गठ्ठ्यातला एक नमुना जसाच्या तसा देतो: ‘ब्लॉगवाचनामुळे ज्ञानात भर पडते व विचारांना चालना मिळते असे आपणास वाटते का? (अ) होय (ब) पूर्णपणे (क) काही प्रमाणात’. ‘नाही’ हा पर्यायच नाही. एका प्रश्नात दोन प्रश्न, तीनही उत्तरं होकाराची, आणि खाली भाष्य: ‘१०० टक्के प्रतिसादकांनी होकार दर्शवला, हे उल्लेखनीय आहे.’ आहेच!

‘तुम्ही ब्लॉग वाचता का?’ हा प्रश्न मात्र कुठेही विचारू नका, घात होईल.

रेन्सिस लिकर्ट यांची १९३२ ची पाच पायऱ्यांची (‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’) मोजपट्टी वापरलीत तर प्रकल्प भारदस्त दिसतो. वर क्रॉनबाखचा अल्फा टाका, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते सांगणारा आकडा. तो ०.७ च्या वर आणायचा असेल तर एकच प्रश्न शब्द फिरवून पाच वेळा विचारा. विश्वसनीयता वाढते. जे मोजायचं होतं तेच मोजलं गेलं की नाही ही वैधतेची भानगड वेगळी, तिच्या वाटेला जाऊ नका.

मुलाखती? पाच प्रश्न व्हॉट्सॲपवर पाठवा, उत्तरादाखल आलेला व्हॉइस मेसेज दुप्पट वेगाने ऐका आणि लिहा ‘सखोल मुलाखत’. बॉनी नार्डी आणि सहकाऱ्यांनी लोक ब्लॉग का लिहितात हे शोधताना २३ जणांशी बोलून २००४ मध्ये पाच प्रेरणा मांडल्या, आणि त्या कामाचा दाखला अजून दिला जातो. फक्त २३! पण ते खरंच बोलले होते, हा त्यांच्या पद्धतीतला दोष तुम्ही टाळलाय.

आशय विश्लेषण, म्हणजे ब्लॉगमधल्या मजकुराचं वर्गीकरण, करायचं तर तीन रकाने पुरे: सकारात्मक, नकारात्मक, इतर. ‘इतर’ मोठा ठेवा.

वर्गीकरण दोघांनी स्वतंत्रपणे करून कितपत जुळतं ते बघायचं असतं, त्यासाठी कोहेनचा ‘कॅपा’ हा आकडा १९६० पासून उपलब्ध आहे. पण मैत्रीत कशाला वितुष्ट?

परवानगीचाही घोळ नको. ब्लॉग सार्वजनिक असतो, सबब सगळं आपलंच. गठ्ठ्यातल्या एका प्रकल्पाच्या परिशिष्टात एका बाईंच्या ब्लॉगवरचा स्वतःच्या आजारपणाबद्दलचा आख्खा परिच्छेद छापलेला होता. नाव झाकलंय म्हणून संशोधक निर्धास्त! अरे, त्यातली एक ओळ अवतरणचिन्हांत घालून सर्चमध्ये टाकली की थेट त्या बाईंच्या पानावर पोचतो माणूस. दोन मिनिटांचं काम आहे. तू करून बघितलंस? तुझ्या गाईडने बघितलं? इंटरनेटवरच्या संशोधनाची नैतिकता हा विषय नवा नाही, त्यावरची मार्गदर्शक तत्त्वं इंटरनेट संशोधकांच्या संघटनेने २००२ मध्येच काढलेली आहेत. लिहिणाऱ्याची अपेक्षा काय होती, कुणासाठी लिहिलं होतं, याचा विचार करा असं त्यात सांगितलंय. उघड्यावर आहे म्हणून उचललं, याला संशोधन म्हणत नाहीत.

राहिल्या मर्यादा. ‘वेळेच्या व पैशाच्या अभावामुळे’ एवढं लिहिलं की पूर्ण मार्क. गूगल फॉर्मला पैसा लागत नाही हे कुणी विचारत नाही.

मी विचारलं. तोंडी परीक्षेत त्या पहिल्या प्रकल्पाच्या कर्त्याला विचारलं, की बाबा रे, ‘ब्लॉगमुळे लेखनकौशल्य सुधारते’ असं तू ८७ टक्के लोकांच्या मतावरून सिद्ध केलंयस. एखादा ब्लॉग उघडून पहिल्या वर्षीचं आणि पाचव्या वर्षीचं लेखन शेजारी ठेवून बघितलंस का? तो म्हणाला, ‘सर, ते आमच्या पद्धतीत बसत नव्हतं.’

बसत नव्हतं! ब्लॉग ही गोष्टच अशी आहे की तिच्यावर तारीख असते. माणसाने काय लिहिलं, कधी लिहिलं, मध्ये किती महिने लिहिलं नाही, कोणत्या नोंदीखाली वाचक भांडले, सगळं क्रमवार मांडून ठेवलेलं असतं. लोकांना ‘महिन्यातून किती वेळा लिहिता?’ विचारता, ते अंदाजपंचे उत्तर देतात, आणि खरा आकडा त्यांच्याच ब्लॉगच्या कडेला महिन्यानुसार छापलेला असतो. इतकी तयार साधनसामग्री फार थोड्या विषयांना मिळते. आणि ब्लॉगवरच्या या आख्ख्या प्रकल्पात एका ब्लॉगमधली एक ओळ नाही. एकही ब्लॉग वाचलेला नाही!

आता उपरोध पुरे झाला. सरळ बोलतो.

त्या पाचव्या प्रकरणात काय लिहायचं असतं, सांगतो. ‘फॉर्म माझ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला, त्यामुळे उत्तरं देणारे बहुतेक माझ्याच वयाचे आणि माझ्याच विषयाचे आहेत. ब्लॉग कशाला म्हणायचं हे मी सुरुवातीला स्पष्ट केलं नाही, म्हणून काहींनी इन्स्टाग्रामच्या पोस्टलाही ब्लॉग धरलं; चौथ्या प्रश्नाची उत्तरं त्यामुळे वापरता येत नाहीत. लिहिणं सोडलेल्यांपर्यंत मी पोचलो नाही. पुन्हा केलं तर आधी वीस ब्लॉग वाचेन, मग प्रश्न तयार करेन.’ चार-पाच वाक्यं. हे लिहिणाऱ्या पोराला मी डोळे मिटून पहिला वर्ग दिला असता, त्याचे सगळे पाय चार्ट चुकलेले असते तरी. या प्रकरणात स्वतःची पाठ थोपटायची नसते रे. जे कळलं ते किती भरवशाचं आहे, एवढं वाचणाऱ्याला सांगायचं असतं.

आणि गाईड मंडळी, तुमची त्या प्रमाणपत्रावर सही आहे. ‘माझ्या मार्गदर्शनाखाली पूर्ण केले’ असं त्यात छापलंय. तीन प्रकल्पांत एकच वाक्य, तिन्हींवर एकच सही, आणि तुम्हाला दिसलं नाही? पोरं विसाव्या वर्षी शॉर्टकट मारणारच. पहिल्या महिन्यात प्रश्नावली बघायला मागितली असतीत, ‘नाही’चा पर्याय कुठाय एवढं विचारलं असतंत, तर दहा मिनिटं गेली असती तुमची. मुलांची संख्या जास्त आहे, कारकुनी कामं जास्त आहेत, सगळं मान्य. मग सही करू नका. परत पाठवा. एकदा परत आला की पुढच्या वर्षीची पोरं पुस्तक उघडतील.

त्या बाईंचा परिच्छेद परिशिष्टातून आधी काढा. मग दहा ब्लॉग वाचा, नोंदी हाताने काढलेल्या असल्या तरी चालतील, त्या घेऊन या. तोवर मला मार्कांसाठी फोन करू नका.